सूचना : मागच्या अंगणातले बेडूक

सर्व सभासदांना नमस्कार,

परवाच्या पावसानंतर हौदापाशी पिवळेधमक बेडूक डराव डराव करू लागले आणि ‘विषारी आहेत का?’ असे फोन सुरू झाले. नाहीत. विणीच्या काळात मोठ्या बेडकांचे नर तसे पिवळे होतात.

• शक्यतो हात लावू नका. उचलावाच लागला तर हात आधी साध्या पाण्याने ओले करा. साबण, सॅनिटायझर, ओडोमॉस लागलेला हात नको. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. नंतर मात्र साबणाने हात धुवा.

• खरखरीत पाठीच्या भेकाच्या (हा त्या पिवळ्या बेडकांहून वेगळा) डोळ्यांमागच्या ग्रंथींतून दुधाळ विष येतं. कुत्र्याने तो तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो. लगेच तोंड धुऊन डॉक्टरांकडे न्या. रात्री कुत्री मोकळी सोडू नका.

• मीठ टाकू नका! (गेल्या वर्षी कोणीतरी टाकलं होतं. नाव घेत नाही.)

• पकडलेला बेडूक अंगणातच, ओल्या आडोशाला सोडा.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता हौदात उतरती फळी लावायची आहे, म्हणजे पडलेले बेडूक बाहेर येतील. प्रत्येक घरातून एकाने यावं, विटा उचलायच्या आहेत.

– सचिव