आई, तुझा वर्ग बंद करू नकोस

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तुझा आवाज ऐकून विषय बदलला, म्हणून पत्र. आई, सकाळचा कॉम्प्युटरचा वर्ग बंद करून वर्षभर आमच्याकडे येऊन राहीन, असं तू म्हणालीस. तसं येऊ नकोस. बाळंतपणाला महिनाभर हक्काने ये, तू लागणारच आहेस मला. पण वर्ग बंद करून नको. आमचं ठरलंय. पहिले सहा महिने मी घरी, पुढचे तीन महिने तुमचे जावई रजा घेतील आणि मग बाळ पाळणाघरात. ते माझ्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर आहे. दोनदा जाऊन बघून आलोय, एकदा न सांगता. मुलं झोपली होती आणि एक बाई रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभी होती. ते बघून माझा जीव भांड्यात पडला.

तुझ्यावर भरवसा नाही म्हणून हे ठरवलंय, असं कृपा करून मनात आणू नकोस. उलट आहे गं.

मी झाले तेव्हा तू 22 वर्षांची होतीस. नोकरी सोडलीस, 12 वर्षांनी पुन्हा धरलीस. परीक्षेसाठी मिनिटाला 40 शब्दांचा वेग यावा म्हणून रात्री टाइपरायटरखाली जुनी चादर चौपदरी घालून बसायचीस, मला आवाज जाऊ नये म्हणून. तो दबलेला टकटक आवाज थांबला की उलट मला जाग यायची. मग तू येऊन माझ्या कपाळावर हात ठेवायचीस आणि तुझ्या बोटांना रिबनच्या शाईचा वास असायचा. नोकरीला लागलीस ती सगळ्यात खालच्या पायरीवर. तुझ्यासोबतच्या मैत्रिणी तोवर कुठल्या कुठे गेल्या होत्या. निवृत्तीच्या कागदांवर ती 12 वर्षं धरलीच गेली नाहीत, तेव्हा तू काही बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. गॅदरिंगच्या दिवशी तुझ्या नोकरीवरून मी जे बोलले होते, तेही आपण कधी काढलं नाही. आज मला त्याची माफी मागायची आहे.

बाबा, तुम्ही 2023 मध्ये अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांच्या नोबेलचं कात्रण मला पाठवलं होतंत. सारखं शिकलेल्या बाई-पुरुषांच्या पगारातली दरी मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते, हे त्यांनी दाखवून दिलं. मी ते वाचलं आणि आईचाच चेहरा डोळ्यांसमोर आला. एकदा ती किंमत आईने माझ्यासाठी मोजली. आता नातवंडासाठी पुन्हा तिनेच मोजायची, हे मला पटत नाही. पुन्हा नोकरीत शिरू बघणाऱ्या बायकांना ती कॉम्प्युटर शिकवते, तो वर्ग तिच्या रिकाम्या वेळेचा विरंगुळा नाही. तिचं काम आहे ते.

मावशी म्हणाली, उशीर केलास. केला खरा. हातातलं काम जरा पक्कं व्हावं म्हणून थांबले. 35 नंतर स्त्रीबीजं झपाट्याने कमी होतात, हे कळायला मात्र मला 37 वर्षं लागली. मधली दोन वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत, ती उगाळत नाही. तुला 22 व्या वर्षी शरीराने साथ दिली, पण घरात तुझा शब्द चालत नव्हता. मला 39 व्या वर्षी रजा मागताना आवाज खाली करावा लागत नाही, मात्र जिना चढताना धाप लागते. बातमी उशिरा सांगितली म्हणून रागावला होतात ना? 25 व्या वर्षी आई होताना बाळाला डाऊन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याची शक्यता साधारण 1,250 मध्ये एक असते, 40 व्या वर्षी शंभरात एक. रक्ततपासणीचा रिपोर्ट चांगला आल्याशिवाय तुम्हाला घोर लावायचा नव्हता. आता सगळं ठीक आहे. रक्तदाब वाढू नये म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी दिली आहे, साखरेची तपासणी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान होईल. मी डाव्या कुशीवर झोपते, पायांखाली उशी घेते, वेळेवर जेवते.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती तुला सांगायची राहिली होती. मुलीची सगळी स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आई, ज्या बीजापासून हे बाळ झालं, ते माझ्याबरोबर तुझ्याच पोटात होतं, तू 22 वर्षांची असताना. तू त्याला तेव्हाच सांभाळलं आहेस गं. ऐकल्यावर मी तपासणीच्या खोलीतच रडले.

आता तुमचं. बाथरूममधला दांडा बसवायला माणूस शनिवारी येतोय, त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवायचं नाही. बाबा, गोळ्यांच्या डब्यात गुरुवारचा कप्पा मागच्या वेळीही भरलेलाच दिसला. आईने विचारलं तर खरं सांगा. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, वर्ग असला तरी. आणि माझ्यासाठी दुपटी शिवायला रात्री बसू नकोस, डोळ्यांना त्रास होतो. शिवायचीच असतील तर दोनच, सकाळच्या उजेडात, तुझ्या जुन्या मऊ साड्यांची.

नवीन बॅचच्या बायकांना वर्ग बंद होतोय असं सांगून टाकलं असशील, तर उद्याच फोन करून सांग, सुरू राहणार आहे. बुधवारी माझी सोनोग्राफी आहे. संध्याकाळी सातला फोन करेन, सायलेंटवर ठेवू नका.

तुमची,
छकुली