गिरणीवाल्या काकूंना, त्या पहिल्या फेरीबद्दल

काकू, नमस्कार.

तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "बरं बरं, डबा ठेव तिकडं" म्हणून विषय संपवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. काल रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे ती HbA1c, गेल्या उन्हाळ्यात 9.4 होती, आता 6.8. लॅबच्या पायरीवरच बसलो. पहिला फोन बायकोला केला, दुसरा तुम्हाला, पण गिरणी चालू होती, तुम्हाला काय ऐकूच गेलं नाही.

आधी जिथं जिथं गेलो त्यांचं काय सांगू. एका मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता छापील कागद दिला, त्यात ओट्स, किनोआ, ऑलिव्ह ऑइल. अहो मी टॉवेल कारखान्यात हिशोब लिहिणारा माणूस, किनोआ कुठनं आणू? आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 ला जीआय मानांकन मिळालं, मालदांडी ज्वारीचं पोतं घराघरात, आणि कागदावर तिचं नावच नाही. जिमवाल्यानं वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि तिसऱ्या दिवशी मला चक्कर आली तर "पाणी प्या सर" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेला.

तुम्ही फक्त डब्याचं झाकण उघडलं. "कायम गहूच आणतोस की रे, ज्वारी आण. आणि उद्या साडेपाचला कंबर तलावावर ये, आम्ही दहाबारा जण असतो."

मे महिना, पहाटेपण उकडत होतं. सगळे पुढं, मी धापा टाकत मागं, कारखान्यातला दोस्त आदल्या दिवशीच "काय बे, बायकांत चालणार व्हय" म्हणाला होता, वाटलं गुपचूप वळावं आणि घर गाठावं. तेवढ्यात तुम्ही थांबलात. "थांब रे, बूट सुटला माझा," म्हणून खाली वाकलात, मला दम खायला मिळाला. थोडं पुढं गेलो की परत बूट सुटला. त्या एका फेरीत पाच वेळा तरी. मी मनात म्हटलं, काकूंना लेस बांधता येत नाही वाटतं.

पावसाळ्यात एकदा सगळ्यांनी चिखलाचे बूट गिरणीच्या दारात काढले तेव्हा बघितलं. तुमच्या बुटाला लेस नाहीच, चिकटपट्टी आहे!

तेव्हा काही बोललो नाही, घशात काहीतरी अडकलं. उपदेश करणारे पैशाला पासरी मिळतात काकू, पण समोरच्याला कमीपणा न वाटू देता त्याच्यासाठी थांबणारं माणूस मी तरी फार बघितलं नाही.

बाकी रविवारचे डबे, कडक भाकरी, शेंगा चटणी, "ज्वारीची म्हणून चार हाणू नको, ते पण पीठच आहे", जेवल्यावर लगेच आडवं न होता गल्लीत दोन चकरा, हे सगळं आता घरात पाठ झालंय. गोळी चालूच आहे, डॉक्टर बदललेत, हे नवीन मान वर करून बोलतात.

आणि हो, उद्या पोरगा गव्हाचा डबा घेऊन येईल. पाहुणे येणारेत, पुरणपोळीसाठी आहे. त्याला विचारत बसू नका.

तुमचा,
मागं राहणारा
(आता मधल्या रांगेत)