पाम छाटू नका, आधी थंडी जाऊ द्या

नाशिक, 29 नोव्हेंबर

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समिती,
यांसी स.न.वि.वि.

विषय : बागेतल्या पामची छाटणी आणि नवे बॉटल पाम लावण्याचा प्रस्ताव थांबवून झाडांची हिवाळ्याची सोय करण्याबाबत.

अध्यक्षसाहेब,

रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेत सहावा विषय ‘उद्यान सौंदर्यीकरण’ असा आहे. लिफ्ट आणि पार्किंगवर दोन तास भांडून झाले की सहाव्या विषयापर्यंत सगळ्यांना भूक लागलेली असते आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत तो निघून जातो. मागच्या वर्षी तसंच झालं. म्हणून यंदा सभेआधीच लिहिते आहे.

प्रस्ताव असा आहे, की 31 डिसेंबरच्या कार्यक्रमाआधी सगळे पाम छाटून घ्यायचे, लॉनवरचे दोन पिवळे पडलेले फॉक्सटेल पाम काढून टाकायचे आणि त्या जागी चार बॉटल पाम लावायचे. माझी विनंती आहे, की यातलं काहीही जूनपर्यंत करू नये. कारण सांगते.

गेल्या फेब्रुवारीत ठेकेदाराच्या माणसांनी बी विंगसमोरचा फॉक्सटेल तोडला ते तुम्हाला आठवत असेल. जानेवारीच्या थंडीत त्याच्या झावळ्या करपून तपकिरी झाल्या होत्या. झाड मेलं असं सगळ्यांनी ठरवलं, मीही ठरवलं. तोडताना मी खाली दूध घ्यायला आले होते. वरचा शेंडा जमिनीवर पडला, आपल्या माळीकाकांनी त्यावर कोयत्याचे दोन उभे घाव घातले आणि आतला गाभा उघडा पडला. पांढराशुभ्र, ओला, नारळाच्या कोवळ्या खोबऱ्यासारखा. त्यात पुढच्या तीन-चार झावळ्या पंख्यासारख्या घड्या घालून बसलेल्या होत्या. काकांनी त्यातली एक घडी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, “ताई, हे तर जितं होतं.”

आंब्याची फांदी मोडली तर बाजूनं दुसरी फुटते. पामला ती सवलत नाही. एका खोडाला एकच कोंब, आणि सगळा जीव त्या कोंबात. तो कोंब शाबूत असेल तर वरच्या सगळ्या झावळ्या जळल्या तरी झाड मे-जूनमध्ये पुन्हा उभं राहू शकतं. उन्हाळा लागल्याशिवाय ते कळतच नाही. आपण त्याला तीन आठवडेसुद्धा दिले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकला असा कितीसा गारठा पडतो? माझं माहेर निफाडजवळचं आहे, त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. 2018 च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि द्राक्षाच्या पानांवर दव गोठलं होतं. आपण निफाडमध्ये राहत नाही हे खरं, पण आपली सोसायटी मखमलाबादच्या बाजूला, नाल्याच्या उतारावर आहे. गेल्या जानेवारीत मी दोन साधे थर्मामीटर आणले. एक माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत टांगला, दुसरा लॉनच्या मधोमध काठीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. सकाळी सहाला बाल्कनीत साडेनऊ, लॉनवर पाच. असं चार दिवस ओळीनं. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि गार हवा जड असल्यानं पाण्यासारखी उतारानं खाली येऊन साठते. आपल्या बागेत ती लॉनवर साठते, कारण कंपाउंडची भिंत तिला पुढे नाल्यात जाऊ देत नाही. थोडक्यात, सोसायटीत सगळ्यात गार जागा कुठली हे शोधून आपण तिथेच सगळ्यात नाजूक झाडं लावली आहेत.

पंपहाउसमागचा फॉक्सटेल मात्र एकदा जाऊन बघा. तोही त्याच दिवशी, त्याच टेम्पोतून आला होता. गेल्या हिवाळ्यात त्याची एक झावळी पिवळी पडली असेल, बाकी काही झालं नाही. त्याच्या पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडत राहते, वर कडुनिंबाची सावली म्हणजे छत्रीच. पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. तो मागे असल्यानं कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची छाटणी झाली नव्हती.

छाटणीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. दिवाळीआधी आपण लॉनवरच्या पामची जी गत केली होती, ती मुंजीत बटूची करतात तशी. शेंडी तेवढी ठेवायची, बाकी सगळं सफाचट. दिसायला नीटनेटकं दिसतं, फोटोही चांगले येतात. पण त्या खालच्या झावळ्या म्हणजे कोंबाची गोधडी. रात्रीच्या गारव्याचा पहिला मार त्या खातात. आणि दुसरं, माझा भाऊ द्राक्षाचा शेतकरी, त्यानं हे समजावलं : पामला पालाश (पोटॅश) कमी पडला की ते जुन्या झावळ्यांमधला पालाश काढून नव्या पानाला देतं, म्हणून जुनी पानं पिवळी होतात. आपण ती पिवळी पानं कापली की झाडाची शिदोरीच कापली. मग ते वरच्या हिरव्या पानांतून काढायला लागतं, ती पिवळी पडतात, आपण तीही कापतो. ज्या दोन फॉक्सटेलना आता काढायचं म्हणता, ते या फेऱ्यात सापडले आहेत. थंडीत मुळं आळसावतात आणि जमिनीतलं अन्न नीट उचलत नाहीत, म्हणून हा पिवळेपणा डिसेंबर-जानेवारीत जास्त दिसतो. पूर्ण वाळून खाली लोंबणारी झावळी खुशाल काढावी. बाकी कात्री कपाटात.

ऑक्टोबरमध्ये युरिया टाकला होता तोही चुकला. नत्रानं कोवळी फूट येते आणि कोवळी फूटच आधी करपते. पालाश द्यायचा तर तो गणपतीच्या सुमारास, जमीन गरम असताना.

पाण्याचं वेळापत्रक बदलायला एक पैसा लागणार नाही. सध्या स्प्रिंकलर पहाटे साडेपाचला सुरू होतात आणि फवारा थेट बॉटल पामच्या शेंड्यात जातो. पाणी त्या खोबणीत साठतं, वरून पाच अंशांची हवा. मग कोंब कुजला तर दोष कुणाला द्यायचा? स्प्रिंकलर दुपारी एकला लावा, किंवा हिवाळ्यापुरते बंद ठेवून पाइपनं फक्त आळ्यात पाणी द्या. कोरड्या जमिनीपेक्षा ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. आमच्याकडे बागाईतदार कडाक्याच्या पहाटे ठिबक सुरू करतात त्यामागे हेच आहे, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं.

आळ्यावरून पालापाचोळ्याचं आठवलं. रोज सकाळी झाडलोट करून कडुनिंबाचा आणि बदामाचा ढीग गेटजवळ जाळला जातो. राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली आणि पाच हजारांचा दंड ठेवला, ते बाजूला ठेवू. तोच पाला झाडाच्या आळ्यात चार बोटं जाडीचा पसरला, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून, तर मुळांना पांघरूण मिळेल. पण वॉचमनदादांची शेकोटी त्या पाल्यावरच चालते हेही मला माहीत आहे, आणि रात्री दोन वाजता गेटवर बसणाऱ्या माणसाला मी शेकोटी बंद करा असं सांगणार नाही. त्यांच्या केबिनला नीट दार आणि आत एक हीटर द्या. गेल्या वर्षी शेकोटी गेटजवळच्या रॉयल पामच्या बुंध्याशी होती, तिथं खोड हातभर काळं पडलं आहे. ते कधीच भरून येणार नाही. पामच्या खोडाला साल नव्यानं धरत नाही, जखम झाली ती कायमची. दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेले खिळे मी मोजले, एका झाडात चौदा आहेत. यंदा माळा सुतळीनं बांधूया. (त्या माळांनी झाडाला ऊब मिळते असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं. जुन्या पिवळ्या बल्बनं थोडीफार मिळायचीही. एलईडीनं फक्त उजेड मिळतो.)

पांघरण्याचं काम मी आणि माळीकाका मिळून करू शकतो, फक्त समितीची हरकत नसावी. सगळ्या झाडांना नको. चार रॉयल पाम उंच आणि दणकट आहेत, त्यांना काही लागत नाही. लॉनवरचे पाच फॉक्सटेल आणि मंदिराजवळचे दोन बॉटल पाम, एवढेच. खोडाला आणि शेंड्याच्या खालच्या भागाला गोणपाट, झावळ्या हलक्या हातानं वर घेऊन सुतळीनं सैल बांधायच्या, आणि गारठ्याच्या रात्री वरून क्रॉप कव्हर टाकायचं. पपई-कलिंगडाच्या शेतात पांढरं झिरझिरीत कापड दिसतं ना, ते. भावाकडे गेल्या हंगामाचं उरलं आहे, तो देणार आहे. प्लास्टिक मात्र नको. मागच्या वर्षी एका सभासदांनी चांगल्या हेतूनं बॉटल पामला फ्लेक्स गुंडाळला होता. आपल्याकडे दुपारी तीस अंशांच्या जवळ जातं, आत घाम धरला आणि पान फ्लेक्सला चिकटलं तिथंच काळं पडलं. म्हणून कव्हर रोज सकाळी नऊला काढायचं. ही रोजची कटकट आहे, कबूल. पण पूर्ण हिवाळ्यात अशा रात्री दहा-पंधराच असतात.

आता नव्या चार बॉटल पामबद्दल. ठेकेदारानं पत्रकात जो फोटो लावला आहे तो रॉयल पामचा आहे. आपल्याकडे रॉयललाच बॉटल पाम म्हणायची सवय आहे, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. खरा बॉटल पाम तो, ज्याचं पोट बुंध्याशी सुटलेलं असतं, आपल्या मंदिराजवळचा. तो मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा, समुद्राची हवा खाऊन वाढलेला. पारा शून्याजवळ गेला की तो संपलाच, आणि पाच-सहा अंशांतही त्याची पानं खराब होतात. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्कचा, तो जरा तरी सोसतो. डिसेंबरात, उतारावरच्या लॉनवर, नवीन बॉटल पाम लावणं म्हणजे बाळंतिणीला वाऱ्यात बसवणं. पाम लावायचे तर जून-जुलैत, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात.

आणि लावायचेच असतील तर शिंदी का नको? आपल्या नाल्याच्या पलीकडे दोन उभ्या आहेत. कोणी पाणी घातलं नाही, कोणी गोणपाट बांधलं नाही. शिंदी उत्तर हिंदुस्तानातलं दहिवर सोसते, तिला आपली थंडी म्हणजे काहीच नाही. काटे असतात आणि झाड लहान असताना ते हाताशी येतात, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावावी लागेल, एवढीच अडचण. ‘शिंदी म्हणजे गावठी’ असं सभेत कोणी म्हणणार हे गृहीत धरते.

समजा एवढं करूनही जानेवारीत एखादं झाड करपलं, तर त्याला हात लावू नका. करपलेली झावळीसुद्धा काढू नका, ती खालच्या कोंबाला झाकते. मधलं मिटलेलं पान हलकेच ओढून बघायचं. घट्ट असेल तर काळजी नाही. सहज हातात आलं आणि टोकाला कुजका वास आला, तर शेंड्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लीटरला अडीच ग्रॅम, एकदा आणि दहा-बारा दिवसांनी परत. कोकणात नारळाचा कोंब कुजायला लागला की मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण देतात, हा त्याचाच सोपा प्रकार. त्यानंतर जुलैपर्यंत वाट बघायची. तोवर मिटलेल्या पानाची नवी सुई दिसली नाही, तर मी स्वतः लिहून देईन की झाड गेलं. आणि तेव्हाही ते तोडायच्या आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागेल. झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे आणि फेब्रुवारीत आपण तो पाळला नाही. कोणी तक्रार केली नाही हे आपलं नशीब.

खर्चाचं म्हणाल तर ठेकेदाराचं दरपत्रक तुमच्याकडे आहेच, त्यातला छाटणीचा आणि नवीन झाडांचा आकडा पूर्ण वाचतो. मला त्यातून फक्त गोणपाट, सुतळी आणि माळीकाकांना सकाळ-संध्याकाळच्या जादा तासांचे पैसे हवे आहेत. काकांचं वय बघता शिडीवर त्यांना एकट्याला चढवू नये, खाली धरायला कोणीतरी लागेल. शनिवारी ए विंगमधली दोन कॉलेजची मुलं येतो म्हणाली आहेत.

लॉनवरचा थर्मामीटर मी उद्याच पुन्हा काठीला लावते. वॉचमनदादांना तो कसा बघायचा ते दाखवलं आहे. रात्री दहाला आठच्या खाली दिसला, तर त्यांनी 304 ला इंटरकॉम करायचा. मी जागी असते.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, सी विंग, 304

ता.क. : लॉबीतल्या अरेका पामच्या कुंड्या दाराबाहेर पायरीवर ठेवल्या आहेत, त्या कृपया आजच आत घ्यायला सांगावं. त्यासाठी सभेची गरज नाही.