श्रेय फक्त जवानांचं म्हणलं की पुढारी सुटतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पानावर एका वाचकाचं पत्र होतं, की लष्करी कारवाईचं श्रेय फक्त आणि फक्त जवानांचं, पुढाऱ्यांनी त्यात नाक खुपसू नये. आमच्या ग्रुपवर त्याचा फोटो दिवसभर फिरत होता, अंगठे काय, हात जोडलेले काय. मलाही आधी पटलं, मग रात्री विचार करत पडलो तर पटेना, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

राग का येतो ते मला कळतं. आमच्या इथे एसटी स्टँडच्या चौकात मध्यंतरी एक फ्लेक्स लागला होता, मधे नेत्याचं हे एवढं डोकं, खाली शुभेच्छुकांची रांग आणि कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा एक जवान. माझे चुलते सैन्यात ट्रक चालवायचे, पासष्टच्या लढाईत पंजाबात दारूगोळा वाहिलाय त्यांनी, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना दवाखान्यातून आणताना रिक्षा तिथे थांबली तर वर बघून म्हणाले, "ह्यो आपला न्हाय. बंदूक बघ त्याची." मी बघितलं तर खरंच, नेटवरून उचललेला कुठल्या तरी परदेशी शिपायाचा फोटो. रिक्षावालाही हसला. तर असल्या श्रेयाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते फ्लेक्सवाल्याला आणि त्याच्या डिझायनरला लखलाभ.

पण निर्णय घेणाऱ्याचा काही संबंधच नाही म्हणणं वेगळं. आता आमच्या कराडचंच घ्या. यशवंतराव चव्हाण म्हणलं की सगळ्यांना हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री तेवढा आठवतो, भाषणात टाळ्या मिळतात. पण ते दिल्लीला गेले कधी, तर बासष्टला चीनकडून मार खाल्ल्यावर, कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं तेव्हा त्यांच्या जागी. त्या लढाईत आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. आणि तीन वर्षांनी, 1 सप्टेंबर 1965 ला, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसले, अखनूरचा पूल गेला असता तर पुढचं सगळं अवघड होतं. त्या दिवशी दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जन सिंग चव्हाणांच्या खोलीत आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. चव्हाणांनी काही मिनिटांत हो म्हणलं. कमिटी नाही, फाईल नाही, उद्या बघू नाही. बासष्टला जे केलं नव्हतं ते ह्या माणसाने खुर्चीत बसल्या बसल्या ठरवलं, आणि तो शिपाईगडी नव्हता, देवराष्ट्र्यासारख्या खेड्यातून आलेला, वकिली शिकलेला माणूस.

आता पुढचं कुणी सांगत नाही. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली, त्यातली व्हॅम्पायर विमानं जुनी झालेली, समोर पाकिस्तानची सेबर जेट विमानं. त्या एका संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली, तीन वैमानिक गेले. वरून सगळा गोंधळ, त्यात काही मारा आपल्याच लोकांवर झाला. त्या रात्री चव्हाणांना झोप लागली असेल का मला माहीत नाही. पाकिस्तानी सैन्याला रोखायला विमानांचा उपयोग झाला हे खरं, दोन दिवसांनी आपल्या नॅट विमानांनी सेबर पाडलं तेव्हा देशभर जल्लोष झाला हेही खरं. पण समजा दुसरी संध्याकाळही पहिल्यासारखीच गेली असती आणि अखनूर पडलं असतं तर? तर राजीनामा कुणाकडे मागितला असता हो? स्क्वाड्रन लीडरकडे? मेनन यांच्या मागोमाग दुसरा संरक्षणमंत्री घरी गेला असता आणि आज इथे प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीला एवढी माणसं दिसली नसती. आणि ज्या शास्त्रीजींनी पुढे 6 सप्टेंबरला लाहोरकडे सैन्य घालायला मान्यता दिली त्यांनाच जानेवारीत ताश्कंदला हाजी पीर परत द्यायची सही करावी लागली, जी खिंड आपल्या पोरांनी ऑगस्टमध्ये रक्त सांडून घेतली होती. शिव्या कुणाला बसल्या? शास्त्रींनाच. बरोबरच आहे, सही त्यांची होती. मग लाहोरच्या वेळची मान्यता काय वाऱ्यावरून आली होती?

माझा मुद्दा एवढाच आहे की श्रेय आणि दोष ही एकाच पासबुकातली जमा आणि नावे आहेत (मी 31 वर्षं बँकेत काढली, दुसरी भाषा येत नाही). जमेच्या बाजूला पुढाऱ्याचं नाव खोडलं की नावेच्या बाजूलाही ते आपोआप खोडलं जातं, आणि पुढाऱ्यांना तेच पाहिजे असतं. श्रीलंका आठवा. 1987 ला शांतिसेना पाठवली ती दिल्लीने, जाफन्यात विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेली शीख पोरं जवळजवळ सगळी तमिळ वाघांकडून मारली गेली. अकराशेच्या वर जवान गेले त्या मोहिमेत. नव्वदच्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात परत आली तर तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. चूक जर झाली असेल तर ती निर्णयाची, आणि तोंड लपवत घरी यायची पाळी कुणावर, तर लढलेल्यांवर. बासष्टच्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्सचा अहवाल तर अजूनही सरकारने छापलेला नाही, मधे किती पक्षांची सरकारं येऊन गेली मोजा. ह्यात सगळ्यांची एकी आहे.

बाहेरचंही एक सांगतो, कारण ते मला फार मजेशीर वाटतं. अमेरिकेत ओबामांनी 2011 मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला माणसं पाठवून लादेनला मारला. तो तिथे आहेच अशी खात्री कुणी देत नव्हतं, उपाध्यक्ष बायडन थांबा म्हणत होते. पुढच्या वर्षी निवडणूक आली, ओबामांच्या प्रचारात ह्याची जाहिरात झाली, तर समोरचे रॉम्नी काय म्हणाले, त्यात काय एवढं, असा हुकूम जिमी कार्टरनेसुद्धा दिला असता. अहो, दिला होता की! 1980 च्या एप्रिलमध्ये तेहरानमधले ओलीस सोडवायला कार्टरनी इराणच्या वाळवंटात माणसं पाठवली. आठ हेलिकॉप्टर निघाली, निदान सहा लागणार होती, चालू राहिली पाच. मोहीम रद्द केली, आणि माघारी फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं, आठ जण जळून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्टर टीव्हीवर आले आणि जबाबदारी माझी म्हणाले, वाळूवर ढकललं नाही, सेनापतीवर ढकललं नाही. नोव्हेंबरात निवडणूक हरले. आणि ते ओलीस सुटले कधी, तर रेगन यांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांत. फोटो कुणाचे चांगले आले ते सांगायला नको. अबोटाबादलाही एक हेलिकॉप्टर सुरुवातीलाच आवारात कोसळलं होतं, पण ह्या वेळी जादाची जवळपास आणून ठेवलेली होती. कार्टरच्या फजितीतून शिकले असावेत, निदान मला तरी तसं वाटतं. म्हणजे हरलेल्या माणसाचाही जिंकलेल्यात थोडा वाटा निघतो, पण त्याचा फ्लेक्स कोण लावणार.

म्हणून त्या पत्रलेखक गृहस्थांना माझं सांगणं आहे की नेत्याला श्रेय द्यायला हरकत नाही, मग तो तुमच्या पक्षाचा असो की माझ्या. फक्त त्याने हो म्हणलं तेव्हा त्याच्यापुढे काय होतं, काय बिघडू शकत होतं आणि बिघडलं असतं तर तो उभा राहिला असता का, हे विचारून द्या. हे विचारलं की निम्मे फ्लेक्स आपोआप खाली येतात, कारण त्यावरचे निम्मे लोक त्या खोलीत तर सोडा, त्या गावातसुद्धा नव्हते. (आमच्या चौकातल्या शुभेच्छुकांपैकी एक जण अजून सोसायटीच्या निवडणुकीत डिपॉझिट वाचवू शकलेला नाही.) आणि एकदा श्रेय घेतलं की पुढच्या वेळी फसल्यावर त्याच दारात जाऊन विचारता येतं, तेव्हा "लष्करी बाब आहे, बोलू नका" हे चालणार नाही.

एक विनंती आहे. येत्या 1 सप्टेंबरला त्या संध्याकाळवर अर्धं पान द्या. चव्हाण त्या लढाईच्या दिवसांत डायरी लिहीत होते, ती छापलेली आहे, त्यातलं काही घ्या, पण त्या चार विमानांचं नक्की घ्या. अक्षर जरा मोठं ठेवा. आमच्या चुलत्यांना फ्लेक्सवरची बंदूक दिसते पण पेपर दिसत नाही, मलाच वाचून दाखवावा लागतो, आणि मधेच चुकलो तर ते ओरडतात.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कराड