बाई, तुमच्या 'कशावरून?'साठी

आदरणीय बाई,

शि. सा. नमस्कार.

निकाल सांगायला पेढे घेऊन खाली आले, तेव्हा तुम्ही एक पेढा देवापुढे ठेवलात, "आता इंग्रजी लिहायचा सराव सोडू नकोस" म्हणालात आणि चहा टाकायला आत गेलात. आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे खुलं पत्र. नारायण पेठेत, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून क्लॅटची, म्हणजे विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी मुली आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही हाती पडावं, असं मनापासून वाटतं.

तयारीच्या पहिल्या वर्षी मी लॉजिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे तर्काच्या प्रश्नांत मागे पडले. पेपर 120 प्रश्नांचा, वेळ 120 मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. त्यात लॉजिकलचे 22 ते 26 प्रश्न, सगळे इंग्रजी उताऱ्यांवर. 'लेखकाचा मुख्य निष्कर्ष कोणता?' असं विचारलं की मला चारही पर्याय बरोबर वाटायचे, कारण चारही उताऱ्यातूनच उचललेले असायचे. क्लासमध्ये सांगितलं होतं की 'देअरफोर', 'हेन्स' शोधा, नाहीतर शेवटचं वाक्य धरा. मी तेच करायचे आणि चुकायचे. बार्शीला घरी फोन करायचीसुद्धा भीती वाटायला लागली होती.

श्रावणातल्या त्या दुपारी वीज गेली म्हणून मी सराव पेपर घेऊन तुमच्या दाराशी उजेडाला बसले. तुम्ही पेपर हातात घेतलात, चष्मा लावून एक उतारा वाचलात आणि विचारलंत, "दहावीला भूमिती होती ना? पक्ष, साध्य, सिद्धता?" मग म्हणालात, "पुस्तकात साध्य वेगळं लिहून देतात. इथे ते सिद्धतेच्या ओळींत कुठेतरी मिसळून टाकलंय. ते वेच, एवढंच काम आहे."

त्या संध्याकाळी तुम्ही मला एक उतारा मराठीत लिहून दिलात. तो कागद अजून माझ्याकडे आहे:

"बरेच जण म्हणतात, पेठांतले रस्ते रुंद केले की वाहतूक कोंडी सुटेल. ते खरं नाही. रस्ता रुंद झाला की गाडी घेऊन बाहेर पडणारेही वाढतात, म्हणून मोकळी झालेली जागा थोड्याच दिवसांत भरून जाते. शिवाय रुंदीकरणात पदपथ अरुंद झाला, तर आज चालत जाणारे उद्या दुचाकी काढतात."

मी लगेच 'म्हणून'च्या पुढचं वाक्य अधोरेखित केलं. तुम्ही रागावला नाहीत. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायला लावलेत: "कशावरून?" आणि "बरं, मग?"

'जागा थोड्याच दिवसांत भरून जाते.' कशावरून? गाड्या घेऊन येणारे वाढतात त्यावरून. उत्तर उताऱ्यातच आहे. बरं, मग? मग रुंदीकरणाने कोंडी सुटत नाही. याचंही उत्तर उताऱ्यातच आहे. म्हणजे हे वाक्य मधलं. त्याला खालून आधार आहे आणि ते स्वतः वरच्याला आधार देतंय. 'गाडी घेऊन बाहेर पडणारे वाढतात.' कशावरून? उतारा गप्प. हे नुसतं कारण. आणि 'ते खरं नाही' हे तीन शब्दांचं वाक्य, ज्याच्याकडे मी पाहिलंही नव्हतं? कशावरून, याला बाकीचा सगळा परिच्छेद उभा राहतो. बरं मग, याला मात्र उताऱ्यात पुढे काहीच नाही. साध्य ते.

ते सापडल्यावरही तुम्ही थांबला नाहीत. "आता 'ते' म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिही," म्हणालात. मी लिहिलं, 'पेठांतले रस्ते रुंद करू नयेत.' तुम्ही विचारलंत, "करू नयेत असं कुठे म्हटलंय? कोंडी सुटणार नाही, इतकंच म्हटलंय. रुंदीकरण दुसऱ्या कशासाठी हवं असेलही." माझे निम्मे गुण इथे जात होते, बाई. लेखक जिथे थांबला त्याच्या एक पाऊल पुढे मी जायचे, आणि पेपर काढणारा नेमका तोच पर्याय ठेवायचा. दुसरा सापळा याच्या उलट: उताऱ्यात शब्दशः असलेलं, अगदी खरं विधान, पण नुसतं कारण. "खरं आहे का, हा प्रश्नच नाही. बाकीची वाक्यं कोणासाठी राबतायत ते बघ," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

एकदा तुम्ही न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, धूर आणि अग्नीचं अनुमान सांगितलंत. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. धूर आहे म्हणून, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. पाच अवयवांत साध्य दोनदा येतं, अगदी आरंभी आणि अगदी शेवटी. शेवटचं वाक्य धरायचा माझा हट्ट त्या दिवशी सुटला. इंग्रजी उताऱ्यांत तर ते बहुतेकदा एकदाच येतं, कधी पहिल्या ओळीत, कधी 'बट'च्या मागोमाग, कधी 'सिन्स'ने सुरू झालेल्या वाक्याच्या उत्तरार्धात. शब्दांच्या खुणा उपयोगी पडतात, पण 'देअरफोर' मधल्या निष्कर्षाच्या आधीही येतो, आणि 'सिन्स'चा अर्थ कधी 'कारण' असतो तर कधी नुसता 'पासून'. तुमच्या दोन प्रश्नांनी मात्र मला एकदाही फसवलं नाही.

त्यानंतर रोज रात्री जेवण झालं की वर्तमानपत्रातलं वाचकांचं एक पत्र कापून तुम्ही जिन्याच्या कठड्यावर ठेवायचात. सकाळी मी साध्याखाली लाल रेघ मारून परत द्यायचे. काही पत्रांत साध्यच सापडायचं नाही, नुसता संताप असायचा. त्यावर तुम्ही शांतपणे 'सिद्धता नाही' लिहायचात. गुडघे दुखत असतानाही तुम्ही जिन्यापर्यंत येत होतात, हे मला फार उशिरा कळलं. या सगळ्याचे तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत.

डिसेंबरात परीक्षेला बसले तेव्हा मुख्य निष्कर्षाच्या प्रश्नांपाशी हात थरथरला नाही. आता संभाजीनगरच्या विधी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. निकालपत्रं वाचायला लागले आहे, आणि तिथेही न्यायालयाने नक्की काय ठरवलं आणि ओघात काय म्हटलं, हे वेगळं काढताना समासात पेन्सिलीने 'कशावरून?' लिहिते.

माझ्या कॉटवर आता लातूरची मुलगी आली आहे, असं कळलं. कात्रणांचा गठ्ठा मी खिडकीतल्या फळीवर ठेवून आले आहे. शेवटच्या बारा कात्रणांवर रेघा मारलेल्या नाहीत. ती तिला द्या. दिवाळीत येते तेव्हा तुमच्या गुडघ्यांसाठी आईने केलेलं तेल घेऊन येईन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची बार्शीकर