गढीवरच्या 'पाटीवाली'चं नाव लिहून घ्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिताना समोर एक फोटो ठेवला आहे. तळहाताएवढा, दातेरी कडांचा, पिवळट पडलेला. खोल चरात चार माणसं उभी आहेत, मागे डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आणि चराच्या काठावर अर्ध्या चड्डीतला एक मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे वडील, अण्णा. ही जागा नाशिकची मातीची गढी, म्हणजे गोदावरीकाठचं जुनं मातीचं टेकाड, आणि साल १९५०-५१. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी इथे उत्खनन केलं, ते हेच. नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे या दोन्ही ठिकाणांच्या उत्खननाचा अहवाल १९५५ साली छापून आला. तो मी वाचला आहे. खापरांचे थर, आकार, रंग सगळं त्यात काटेकोर आहे. पण पाट्या कुणी वाहिल्या, ते त्या अहवालाकडून कळायचं नाही, आणि ते त्याचं कामही नव्हतं.

अण्णांना कुणी मजुरीवर ठेवलं नव्हतं. शाळा सुटली की ते हौसेनं गढीवर जात. खापरं पाण्यात मऊ ब्रशनं धुवायची, गोणपाटावर उन्हात वाळवायची आणि कोणती कुठल्या थरातली ते पुडीवर लिहायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. जोर्व्याला सापडलं तसं लाल, वर काळी नक्षी काढलेलं भांडं चांगलं भाजलेलं असतं, त्याच्या तुकड्यावर नख मारलं की धातूसारखा आवाज येतो. तीन हजार वर्षांहून जुनं खापर असं वाजतं, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटायचं. पुढे माठ घ्यायला गेले की ते टिचकी मारून, मान वाकडी करून ऐकत राहायचे. कुंभारीणबाई म्हणायच्या, "दादा, फुटका न्हाई त्यो." अण्णा ऐकतच राहायचे.

फोटो एकूण तीन होते. २००८ च्या पुरात गोदावरीचं पाणी आमच्या घरात शिरलं आणि ट्रंक भिजली. दोन फोटो एकमेकांना चिकटले ते सुटलेच नाहीत. तिसरा अण्णांनी वर्तमानपत्राच्या घड्यांत वाळवला, तोच हा. मागे त्यांच्या अक्षरात चौघांची नावं आहेत, पाचव्या ठिकाणी नुसतं 'पाटीवाली'.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी हा फोटो दाखवला. नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही आई माझी. पाटीखालची चुंबळ बघ, ती डावीकडे जास्त वळायची." त्या स्वतः तेव्हा दहा-बारा वर्षांच्या, आईची भाकरी घेऊन चरापर्यंत जायच्या. चर पिंपळापासून किती पावलांवर होता, उतरायला शिडी कुठल्या बाजूला होती, पावसाचं पाणी कुठून आत यायचं, हे सगळं त्यांनी मला गढीच्या दिशेनं हात करून सांगितलं.

साहेब, ही आठवण नुसती घरगुती नाही. गढीची नदीकडची माती पावसाळ्यात ढासळते, काठावरच्या घरांना घरं सोडायच्या नोटिसा येतात. चराची नेमकी कड जिथे होती तिथली जमीनच उद्या राहिली नाही, तर अहवालातला नकाशा जमिनीवर ताडून बघायला असे फोटो आणि अशा काकू लागतील. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि त्यासाठी काठावर कामं चालू आहेत.

मी हे घेऊन एका कार्यालयात चार वेळा गेले. शेवटच्या वेळी उत्तर मिळालं की फोटो दान करणार असाल तर अर्ज द्या, माणसांच्या आठवणी नोंदवायला आमच्याकडे रजिस्टरच नाही. बोलणारा मुलगा सभ्य होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. रजिस्टर मात्र नव्हतं आणि ते सुरू करणं त्याच्या हातात नव्हतं. ते तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात आठवड्यातून एक दिवस एक टेबल, एक स्कॅनर आणि ऐकून लिहिणारा एक माणूस बसवावा. फोटो त्याच दिवशी परत द्यावा. लोक घरातला एकुलता एक फोटो सोडून जायला तयार नसतात, मीही नाही. आणि डेक्कन कॉलेजच्या संग्रहात या उत्खननाची जी छायाचित्रं असतील, त्यांच्या प्रती नाशिकला मागवून इथल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवाव्यात. पुण्यात बसून ते चेहरे कुणालाच ओळखू येणार नाहीत. इथे एखादी काकू चुंबळीवरून ओळखते.

हेच संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यात करता येईल. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात तर आणखी सोपं आहे. तिथलं उत्खनन १९६८ पासून १९८३ पर्यंत चाललं, म्हणजे तेव्हा तरुण असलेले कितीतरी हात आज साठी-सत्तरीत असतील. गढीवरचे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच उरले असावेत.

काकूंच्या आईचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते त्यांच्या घरच्यांना विचारून, तुमच्या नोंदवहीत, त्यांच्यासमोर लिहिलं जावं अशी माझी इच्छा आहे. त्यांना संध्याकाळी दिसत नाही. माणूस पाठवलात तर सकाळी दहाच्या सुमारास पाठवा, मी घरी असते, फोटो घेऊन बरोबर येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जुने नाशिक