रस्ता बंद, मग सायकलवाल्या लेकरांनी जायचे कुठून?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लातुरात माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, बावीस वर्षांपासून. पत्र्याची टपरी, पुढे लिंबाचे झाड, झाडाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा, खाली पाण्याचे घमेले. मागच्या गल्ल्यांत बाहेरगावच्या मुलामुलींच्या खोल्या आणि मेस आहेत, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला शिकवण्या. त्यामुळे पहाटे साडेपाचला सायकली सुरू होतात त्या रात्री साडेनऊपर्यंत. दहावीचा निकाल लागला की अहमदपूर, गंगाखेड, मुखेड, परंडा, कुठकुठल्या गावचे बाप येतात. टेम्पोतून गादी, पेटी, बादली उतरवतात, खोलीचे भाडे ठरवतात आणि मग माझ्याकडे येतात. नव्या सायकलीला पैसे उरलेले नसतात, म्हणून जुनी, ठाकठीक केलेली घेतात. भावावरून फार घासाघीस करत नाहीत. जाताना एवढेच म्हणतात, "ब्रेक तेवढा नीट बघा, भाऊ." मी नीट बघतो. पण ब्रेक नीट असून भागत नाही, असे दिवस आमच्या रस्त्यावर आले आहेत, म्हणून हे पत्र.

आमचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला आहे. आधीच सांगतो, माझा या कामाला विरोध नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता डांबराचा थर दिला की तो टिकत नाही, हे मी टपरीत बसून तीन वेळा पाहिले. खाली मुरूम दाबून वर काँक्रीट, बाजूला नाली, हे व्हायलाच पाहिजे होते. काँक्रीट टाकल्यावर ते किमान १४ दिवस ओले ठेवावे लागते आणि २८ दिवसांची ताकद धरल्याशिवाय त्यावर गाड्या सोडू नयेत, हेही मला माझ्या एका गिऱ्हाइकाने समजावून सांगितले. ते निवृत्त शाखा अभियंता आहेत, रोज सकाळी सायकलवर फिरतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे गाव. गोणपाटांवर टँकरने पाणी मारताना पाहिले की जीव हळहळतो, पण ते मारले नाही तर रस्ता तडकेल हे कळते. तेव्हा रस्ता काही दिवस बंद राहणार, याला माझी तक्रार नाही.

तक्रार बंद करण्याच्या रीतीबद्दल आहे. होळीनंतर खोदायला सुरुवात झाली. शिकवण्या सुरू व्हायच्या आत उरकेल, असे तेव्हा कानावर आले होते. मे महिन्यात डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा झाली, लेकरे गावाकडे गेली, रस्ता ओस पडला आणि नेमके तेव्हाच काम थांबले. का थांबले ते कुणी सांगितले नाही. जूनमध्ये नवी बॅच आली आणि तिच्या मागोमाग जेसीबी आला. आता गणपती उठले, दसरा तोंडावर आला, तरी एक बाजू झाली आहे आणि दुसरी उकरलेली आहे. झालेल्या बाजूवर खडीचे ढीग आणि मिक्सर उभा.

रस्त्याच्या तोंडाशी फलक आहे, "रस्ता बंद, पर्यायी मार्गाचा वापर करावा." बाण दाखवतो तो मार्ग मोठ्या रस्त्याने फिरून जातो. मोटारीला हा वळसा म्हणजे पाच मिनिटे. सोळा वर्षांच्या लेकराला, पहाटे सहाच्या अंधारात, पाठीवर दप्तर, सायकलला मागचा दिवा नाही, शेजारून आडतीला जाणाऱ्या मालाच्या गाड्या, असे अडीच किलोमीटर जास्तीचे जायला सांगायचे? आता सोयाबीन निघाले की त्या गाड्या कितीतरी पटीने वाढतील. घरचे माणूस असते तर आपण त्याला त्या रस्त्याने धाडले नसते. म्हणून लेकरे फलकाकडे बघत नाहीत. सायकल खांद्यावर घेऊन मातीच्या ढिगावरून चढतात, पलीकडे उतरतात आणि नालीच्या कडेकडेने जातात. ती बेशिस्त म्हणून असे करत नाहीत. त्यांच्यासाठी वाटच ठेवलेली नाही.

जुलैमध्ये मी, समोरचे झेरॉक्सवाले आणि मेसवाल्या ताई, आम्ही तिघांनी पैसे घालून बाभळीची एक जाड फळी आणली आणि उघड्या नालीवर टाकली. मेसच्या डब्यांची सायकलसुद्धा त्यावरून जायची. सकाळी जेसीबीला अडचण होते म्हणून कामावरची माणसे ती बाजूला ओढायची, पण त्यांचा मुकादम रोज संध्याकाळी आठवणीने परत जागेवर ठेवायचा. भला माणूस. एक दिवस तो गावी गेला. त्या रात्री पाऊस झाला, फळी बाजूलाच राहिली, आणि पावणेसहाला एक मुलगी रोजच्या सवयीने आली.

पुढचे चाक नालीत गेले आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. नालीच्या भिंतीसाठी सोडलेल्या उभ्या सळया तिच्यापासून हातभर अंतरावर होत्या, टोकांना काही न लावलेल्या, नागड्या. हनुवटीला चार टाके पडले. दुपारी ती सायकल ढकलत माझ्याकडे आली. पुढची रिम तळलेल्या पापडासारखी वाकली होती. मी चाक चिमट्यात फिरवून, ब्रेकच्या गट्टूला कुठे घासते ते बघत, एका बाजूची तार पाव आटा सैल, दुसऱ्या बाजूची पाव आटा घट्ट, असे करत आऊट, म्हणजे चाकाचा बाक, काढायला बसलो. तासभर गेला, चार तारा बदलल्या, तरी आऊट निघेना. शेवटी जुन्यातली एक रिम टाकून दिली. ती लिंबाखाली दगडावर बसून होती. फिजिक्सची टेस्ट बुडाली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "काका, घरून कुणाचा फोन आला तर सांगू नका. पप्पा परत घेऊन जातील."

संपादक साहेब, या एका वाक्याने मला पत्र लिहायला बसवले. एवढ्या दूरवरून शिकायला आलेल्या मुलीचे शिक्षण एका फळीवर अवलंबून असावे?

माझी मागणी एवढीच आहे. रस्ता गाड्यांसाठी बंद करा, पण काम चालू असेल तिथे एका बाजूने पाच फुटांची वाट पायी माणसांसाठी आणि सायकलींसाठी राखा. काम सरकेल तशी वाट सरकवा. मध्ये खड्डा आला तर त्यावर लोखंडी प्लेट टाका, खड्ड्याच्या बाजूने बॅरिकेड लावा, रात्री दोन दिवे जळू द्या, सळयांच्या टोकांना टोप्या घाला. माझ्या गिऱ्हाइकाने सांगितले की रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या संस्थेची कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी वेगळी मार्गदर्शिकाच आहे, आयआरसी एसपी ५५, २०१४ सालची, आणि तीत पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचाही विचार केलेला आहे. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. आणि ही वाट कुणातरी एका माणसाच्या जबाबदारीची असू द्या, ज्याचे नाव आणि मोबाइल नंबर फलकावर लिहिलेला असेल. मुकादमाच्या चांगुलपणावर ती चालू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आले. रस्त्याच्या कामात ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झाले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ते सगळे नंतरचे. त्या कलमाची गरज आमच्या रस्त्यावर कधी पडू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

माझ्या टपरीत बिस्किटाचा एक रिकामा डबा आहे. जूनपासून पंक्चर काढताना टायरमधून जे निघाले ते मी त्यात टाकत गेलो. सळया बांधायच्या तारेचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, सेंट्रिंगचे खिळे, पत्र्याच्या कातरणी. डबा अर्ध्याच्या वर भरला आहे. माझा धंदा पंक्चरवरच चालतो, हे खरे. पण मेसचे पैसे राखून दर आठवड्याला पंक्चरला पैसे मोजणाऱ्या लेकराकडून ते घेताना हात मागे येतो. संध्याकाळी काम थांबल्यावर एका माणसाने रस्ता झाडून घेतला तर हे होणार नाही.

आता झालेल्या बाजूबद्दल. तिथे कडेला रंगाचा पट्टा ओढून सायकलचे चित्र काढले आहे. ते पाहून पहिल्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मग टेप लावून मोजले. चार फूट. सायकल ट्रॅक किमान दोन मीटरचा, म्हणजे साडेसहा फुटांचा असावा, असे आयआरसीचे निकष सांगतात. त्या चार फुटांत दोन विजेचे खांब आणि विजेची एक पेटी, म्हणजे डीपी, उभी आहे. डीपीपाशी पट्टा संपतो आणि सायकलवाल्याला अचानक गाड्यांत यावे लागते. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी रस्ते नव्याने केले, तेव्हा फुटपाथ आणि सायकलींसाठी वेगळी जागा ठेवली होती. माझे मेहुणे तिथे राहतात, मी स्वतः पाहिली आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्या जागेत मोटारी उभ्या दिसल्या. तेव्हा नुसती जागा सोडून भागत नाही, तिथे उंच कडा आणि खुंट्या हव्यात, आणि रोजचे लक्षही. आमच्या लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेत १६ रस्ते येऊन मिळतात. त्या १६ पैकी एका रस्त्यावर तरी सायकलवाल्याला बिनधास्त जाता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

खांब आणि डीपी हलवायला वेळ लागेल, पैसे लागतील, हे मी समजतो. पण एक गोष्ट आजच, बिनपैशाची होऊ शकते. पावसाचे पाणी नालीत जावे म्हणून सायकलच्या पट्ट्यातच लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या आहेत, आणि दोन पट्ट्यांमधली फट पावणेदोन इंच. साध्या सायकलचा टायर दीड इंचाचा. चाक त्या फटीत सरळ उतरते आणि अडकते. मी एका जाळीवर सायकल हाताने ढकलून पाहिली, पुढचे चाक अर्ध्या तारांपर्यंत आत गेले. तीच जाळी आडवी बसवली, की पट्ट्या चाकाला आडव्या येतात, चाक वरून निघून जाते आणि पाणीही वाहून जाते. जाळ्या चौकोनी आहेत, चारही बाजू सारख्या, नुसत्या फिरवायच्या आहेत.

दुसऱ्या बाजूच्या जाळ्या अजून बसायच्या आहेत. माझ्या टपरीसमोर, लिंबाच्या पलीकडे, अठरा जाळ्या रचून ठेवल्या आहेत, आज सकाळीच मोजल्या. काम करणाऱ्यांपैकी कुणी जबाबदार माणूस बसवण्याआधी आला, तर मी एक सायकल घेऊन हजर राहीन आणि चाक फिरवून दाखवीन. दुकान सकाळी साडेपाचपासून उघडे असते.

आपला नियमित वाचक,
एक सायकल दुरुस्तीवाला,
लातूर